वेडोलिझुमॅबचं सलाईन आणि दादरजवळचं इन्फ्युजन सेंटर: एका कोलायटिसवालीचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू दोन गोष्टींचा मिळून आहे, एक म्हणजे वेडोलिझुमॅब हे औषध आणि दुसरं म्हणजे दादरजवळचं डे-केअर सेंटर जिथे मी ते सलाईनमधून घेते. सेंटरचं नाव मुद्दाम देत नाहीये, तक्रारी आहेत म्हणून, आणि तिथल्या सिस्टर लोकांशी माझं काही भांडण नाही, त्या बिचाऱ्या चांगल्याच आहेत. औषधाला ५ पैकी ४ स्टार, सेंटरला ३, आणि त्या ३ मधले २ सिस्टरांचे.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज, जखमा, रक्त पडणं, आणि सगळ्यात वैताग म्हणजे लागली की लागली, थांबता येत नाही. मुलुंडहून फोर्टला रोज लोकलने जाणाऱ्या बाईला हे झालं की काय होतं ते विचारू नका. लोकलमध्ये संडास नाही, फास्ट पकडली की मधली स्टेशनं नुसती खिडकीतून बघायची, म्हणून मी कित्येक महिने स्लोनेच जायचे आणि कुठल्या स्टेशनवरचं स्वच्छतागृह चालू असतं, कुठल्याला कुलूप असतं, कुठे पाणी नसतं हे मला पाठ झालं होतं. डबा न्यायचा पण खायचा नाही, सकाळी चहासुद्धा नाही. असो.

मेसालामाइन या सूज कमी करणाऱ्या औषधाने वर्षभर बरं चाललं, मग फ्लेअर आला, म्हणजे आजार पुन्हा उफाळला, मग स्टेरॉइड. स्टेरॉइडने दोन आठवड्यांत रक्त थांबलं, पण चेहरा फुगला, झोप उडाली, भूक अशी की रात्री १२ वाजता पोहे करून खायचे. त्यात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केला तर डब्ल्यूबीसी, म्हणजे पांढऱ्या पेशी, वाढलेल्या, सासूबाई म्हणाल्या अगं इन्फेक्शन झालंय तुला, नवरा गूगल करत बसला. डॉक्टर म्हणाले काही नाही हो, हे स्टेरॉइडचं आहे. सीबीसीत मोजल्या जातात त्या रक्ताबरोबर वाहणाऱ्या पेशी, पण बऱ्याच न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींतला एक प्रकार) रक्तवाहिनीच्या भिंतीला टेकून असतात आणि त्या नमुन्यात येतच नाहीत, स्टेरॉइडने त्यांची भिंतीवरची पकड सुटते आणि त्या प्रवाहात येतात, शिवाय अस्थिमज्जेतूनही जास्तीच्या बाहेर पडतात, म्हणून आकडा फुगतो. म्हणजे पेशी रक्तात जास्त आणि सुजलेल्या जागी कमी पोचतात. मला हे इतकं इंटरेस्टिंग वाटलं की तिथून माझं वाचन सुरू झालं, आणि स्टेरॉइड बंद करता येईना म्हणून वेडोलिझुमॅबचा विषय निघाला तेव्हा डॉक्टरांना विचारायला माझ्याकडे प्रश्नांची यादी तयार होती. त्यांनी वेळ दिला, हे नमूद करते.

आता औषध करतं काय ते सांगते, कारण सुरू करताना मला कोणी नीट सांगितलं असतं तर रात्री जागून वाचायची वेळ आली नसती. पांढऱ्या पेशी रक्तातून वेगाने जात असतात आणि सूज असलेल्या जागी त्यांना वाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडायचं असतं. हे आपोआप होत नाही, दोन्हीकडच्या पृष्ठभागावरचे रेणू एकमेकांना सापडावे लागतात. आधी सिलेक्टिन नावाचे रेणू, ते हलकेच पकडतात आणि सोडतात, पकडतात आणि सोडतात, त्यामुळे पेशी भिंतीवरून घरंगळत हळू होते. यातलं पी-सिलेक्टिन भिंतीच्या पेशींत आधीच भरून ठेवलेलं असतं, इजा झाली की काही मिनिटांत वर येतं, ई-सिलेक्टिन मात्र नव्याने बनवावं लागतं म्हणून त्याला काही तास लागतात. मग भिंतीवर चिकटलेले केमोकाइन नावाचे संदेश देणारे रेणू पेशीला इशारा देतात, आणि तोपर्यंत वाकून, मिटून बसलेली पेशीवरची इंटेग्रिन (घट्ट पकडणारे रेणू) ताठ होतात आणि समोरच्या रेणूला घट्ट धरतात. पेशी थांबते, चपटी होते, सरपटत दोन पेशींच्या सांध्यापाशी जाते आणि पलीकडे निसटते. बर्लिनमध्ये कोह्नहाइम नावाच्या संशोधकाने १८६७ साली बेडकाच्या आतड्याला धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यातल्या वाहिन्यांतून पेशी अशा बाहेर पडताना सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या होत्या, रेणूंची नावं कळायला मात्र पुढे शंभरावर वर्षं गेली.

इथे एक आपल्या मुंबईची गोष्ट टाकल्याशिवाय राहवत नाही. बॉम्बे ब्लड ग्रुप सगळ्यांना ऐकून माहीत असतो, १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परळला सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात काम करताना तो जगासमोर आणला. त्यात लाल पेशींवर एच अँटिजेन (रक्तगटाची पायाभूत खूण) हाच नसतो, कारण त्यासाठी फ्युकोज नावाची साखर जोडायचं एन्झाइम नसतं. आता सिलेक्टिन जिथे पकडतात त्या पांढऱ्या पेशींवरच्या साखळीतही फ्युकोज लागतं. मग बॉम्बे ग्रुपवाल्यांच्या पांढऱ्या पेशी घरंगळत नाहीत का, हा माझा पहिला प्रश्न होता. घरंगळतात, काही प्रॉब्लेम नसतो, कारण तिथे साखर जोडणारं एन्झाइम वेगळं आहे. पण एक फार दुर्मिळ आजार आहे, एलएडी (पांढऱ्या पेशींना भिंतीला चिकटता न येण्याचा जन्मजात दोष) टाइप २, ज्यात पेशीच्या आत फ्युकोज पोचवणारी वाहतूकच बिघडलेली असते, त्या मुलांचा रक्तगट बॉम्बे येतो आणि पांढऱ्या पेशी भिंतीला धरत नाहीत, रक्तात भरमसाट डब्ल्यूबीसी आणि जखमेत पू नाही. १९९२ साली इस्रायलच्या दोन मुलांमध्ये हे पहिल्यांदा लिहिलं गेलं. टाइप १ त्यामानाने जास्त सापडतो, त्यात सीडी१८ म्हणजे इंटेग्रिनचा एक भाग नसतो, बाळाची नाळ उशिरा पडते हे त्यातलं एक लक्षण, आणि त्याचं निदान परळच्याच केईएम हॉस्पिटलच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होतं. परळवरून इतकी वर्षं जाते आहे मी आणि हे काही माहीत नव्हतं.

तर मुद्द्यावर. शरीरात सगळीकडे जाणाऱ्या पेशी वेगळ्या आणि आतड्यातच जाणाऱ्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींतलाच दुसरा प्रकार) वेगळ्या. आतड्याच्या लिम्फ नोडमध्ये तयार झालेल्या लिम्फोसाइटवर अल्फा-४ बीटा-७ नावाचं इंटेग्रिन बसवलं जातं, आणि गंमत म्हणजे ते बसवायचा संदेश जीवनसत्त्व ए पासून बनलेल्या रेटिनोइक अ‍ॅसिडमधून मिळतो. आतड्यातल्या वाहिन्यांच्या भिंतीवर त्याला जुळणारा मॅडकॅम-१ नावाचा रेणू असतो, तो मेंदूत, फुप्फुसात, चामडीत जवळपास नसतोच. सोप्या भाषेत, अल्फा-४ बीटा-७ म्हणजे गाडीच्या काचेवरचा फास्टॅग आणि मॅडकॅम-१ म्हणजे एकाच नाक्यावरचा स्कॅनर, आणि वेडोलिझुमॅब त्या फास्टॅगवर चिकटपट्टी लावतं. गाडी कुठे जप्त होत नाही, बाकी रस्ते मोकळे, फक्त त्या नाक्यातून आत शिरता येत नाही.

हेच मला या औषधात सगळ्यात आवडलं आणि ज्या गोष्टीवर मी ४ स्टार देते ती हीच. प्रतिकारशक्ती सगळीकडे दाबायची नाही, एकच दार लावायचं. न्यूट्रोफिल मुख्यतः दुसऱ्याच इंटेग्रिनवर, बीटा-२ वर चालतात, त्यामुळे बोट कापलं, दात काढला, तर जखमेकडे त्या नेहमीसारख्या धावतात.

एकच दार हे किती महत्त्वाचं आहे ते कळायला नॅटालिझुमॅबची गोष्ट माहीत पाहिजे. ते याच्या आधीचं, अल्फा-४ वरच बसणारं, त्यामुळे अल्फा-४ बीटा-७ सोबत अल्फा-४ बीटा-१ पण बंद, आणि बीटा-१ वाली जोडी भिंतीवरच्या व्हीकॅम-१ या रेणूला धरून मेंदूत जाणाऱ्या लिम्फोसाइटना लागते. मल्टिपल स्क्लेरोसिसला (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) म्हणूनच ते चालतं. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत आलं आणि फेब्रुवारी २००५ मध्ये परत घ्यावं लागलं, कारण मेंदूवर पहारा कमी झाला की आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगात गप्प पडलेला जेसी व्हायरस उठतो आणि पीएमएल नावाचा मेंदूचा भयंकर आजार होतो. २००६ मध्ये कडक अटींवर ते परत आलं. सोरायसिसचं एफालिझुमॅब, जे एलएफए-१ (बीटा-२ वालं एक इंटेग्रिन) बंद करायचं, ते तर २००९ मध्ये याच कारणाने कायमचं गेलं. म्हणून पृष्ठभागावरचा रेणू बंद करायचा म्हणजे कुठला, कुठल्या जोडीतला, हे बघूनच. वेडोलिझुमॅब फक्त त्या जोडीवर बसतं, दोघांतल्या एकट्यावर नाही. ते २०१४ मध्ये अमेरिका आणि युरोपात मंजूर झालं, पण ज्या उंदराच्या अँटिबॉडीपासून ते घडवलं ती अ‍ॅक्ट-१ नावाची अँटिबॉडी अँड्र्यू लॅझारोविट्स या कॅनडाच्या डॉक्टरने १९८४ लाच छापली होती, तेव्हा ती कशावर बसते हेही नीट माहीत नव्हतं. मग कॉटन-टॉप टॅमरिन नावाची छोटी माकडं, ज्यांना पिंजऱ्यात आपोआप कोलायटिस होतो (हो, माकडांनाही होतो, मला वाचून विचित्र आनंद झाला), त्यांच्यावर १९९६ मध्ये ती चालली. लॅझारोविट्स १९९९ मध्ये गेले, औषध बाजारात आलेलं त्यांनी पाहिलंच नाही.

आपल्याकडे हे औषध निवडताना अजून एक कारण पुढे येतं, टीबी. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही टीएनएफवाली (टीएनएफ नावाचा सूज वाढवणारा रेणू अडवणारी) औषधं जोरदार आहेत, पण टीएनएफ हाच रेणू लपलेल्या टीबीभोवतीची गाठ बांधून ठेवतो, तो काढला की टीबी बाहेर पडू शकतो, आणि मुंबईत आपल्यातल्या किती जणांच्या छातीत तो झोपलेला असेल कोण जाणे. माझे बाबा तरुणपणी टीबीचे पेशंट, त्यामुळे डॉक्टर इकडेच वळले. तरी इग्रा टेस्ट (लपलेल्या टीबीसाठी रक्ताची तपासणी) आणि छातीचा एक्स-रे यालाही करायला लावला, ते योग्यच आहे, धोका कमी आहे म्हणजे शून्य नाही.

आता सेंटर. डोस ३०० मिलिग्रॅम, पहिल्या दिवशी, मग दुसऱ्या आठवड्यात, मग सहाव्या, आणि मग दर ८ आठवड्यांनी. औषध बाटलीत पांढऱ्या वडीसारखं कोरडं असतं, त्यात ४.८ मिली स्टेराइल पाणी घालून हलक्या हाताने गोल फिरवायचं, खळखळ हलवायचं नाही नाहीतर फेस होतो, मग ते २५० मिली सलाईनमध्ये घालून अर्ध्या तासात द्यायचं. एवढंच काम आहे. आणि एवढ्या कामाला या सेंटरने पहिल्या वेळी माझी अख्खी सकाळ खाल्ली. फाइल बनवा, फाइल कॅश काउंटरला, काउंटरवरचा माणूस चहाला, मग फार्मसीतून बाटली, फार्मसीवाला म्हणतो रिक्विझिशनवर (औषध मागायच्या चिठ्ठीवर) सही नाही, आरएमओ म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर राउंडला. बाटली २ ते ८ अंशात ठेवायची असते आणि ती एका प्लास्टिकच्या पिशवीत काउंटरवर तशीच पडलेली, मे महिना, पंखा गरगरतोय. मी म्हटलं दादा बर्फ कुठे आहे, तर म्हणे मॅडम दोन मिनिटांनी काही होत नाही. दोन मिनिटं नव्हती ती. शेवटी आतून एक सिस्टर आल्या, बघितलं, त्याला झापलं आणि दुसरी बाटली फ्रीजमधून काढायला लावली. त्या सिस्टरसाठी एक स्टार तिथेच.

खुर्च्या चांगल्या आहेत, मागे रेलता येतं. एसी इतका की स्वेटर न्या, पावसाळ्यात भिजून गेलात तर हुडहुडी भरते आणि मग रिअ‍ॅक्शन आली की थंडी वाजतेय ते कळत नाही. शेजारी संधिवातवाले, एक मल्टिपल स्क्लेरोसिसची मुलगी, सगळे मोबाईलमध्ये. सुई लावणाऱ्या सिस्टर एका फटक्यात शीर पकडतात, "ताई, मूठ घट्ट, आता सोडा", झालं. औषध ३० मिनिटांत जातं पण नंतर बसवून ठेवतात, पहिल्या दोन वेळा दोन तास, पुढे एक तास, हे बरोबर आहे, घाई करू नका. मला रिअ‍ॅक्शन कधी आली नाही. दुसऱ्या दिवशी डोकं जड, नाक वाहणं, हे होतं, सर्दीसारखं दोन दिवस. वॉशरूम एकच आणि कोलायटिसच्या पेशंटना बोलावणाऱ्या जागी एकच वॉशरूम, आणि त्यात बाहेर लाइन, याला काय म्हणायचं. यावर मी फीडबॅक फॉर्म भरला, उत्तर "वुई व्हॅल्यू युवर फीडबॅक".

मेडिक्लेमवाल्यांनी पहिला क्लेम उडवला, २४ तास अ‍ॅडमिशन नाही म्हणून. तुमचाही उडवतील, गप्प बसू नका. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी संस्था) २०१९ च्या नियमांत आधुनिक उपचारांची यादी होती आणि त्यात इंजेक्शनने दिली जाणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी (वेडोलिझुमॅब त्यातलंच) होती, डे-केअर असली तरी. पॉलिसीत त्यावर सब-लिमिट असू शकते, ती आधी वाचा. मी पत्र लिहिलं, यादीतला मुद्दा खुणेने दाखवला, डिस्चार्ज समरीवर डॉक्टरांकडून "मोनोक्लोनल अँटिबॉडी" असे शब्द लिहून घेतले, मग पास झाला. सेंटरच्या टीपीए (मेडिक्लेमचे कागद बघणाऱ्या) डेस्कवरच्या मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं, इथे एक स्टार कापला.

परिणाम? हळू. हे आधी कोणी बजावलं नाही तर माणूस खचतो. दार बंद केलं तरी आत आधीच शिरलेल्या पेशी आत असतातच, त्या संपेपर्यंत सूज राहते, म्हणून स्टेरॉइडसारखा दोन आठवड्यांत चमत्कार नाही. पहिल्या दोन डोसनंतर मला काहीच वाटलं नाही आणि मी घरी बोलूनही दाखवलं की पैसे गेले पाण्यात. तिसऱ्यानंतर रक्त कमी झालं, मग थांबलं, स्टेरॉइड हळूहळू सुटलं. मोठ्या अभ्यासाचे आकडे बघून अपेक्षा ठेवा: २०१३ मध्ये छापलेल्या जेमिनी-१ मध्ये ६ आठवड्यांनी सुधारणा ४७.१ टक्क्यांना, खोट्या औषधावर २५.५, आणि ज्यांना सुरुवातीला गुण आला त्यांच्यात ५२ आठवड्यांनी रेमिशन (आजार शांत होणं) ४१.८ टक्के विरुद्ध १५.९. म्हणजे सगळ्यांना लागू पडत नाही, निम्म्यांना नाही. २०१९ च्या व्हर्सिटी अभ्यासात मात्र अडालिमुमॅबशी समोरासमोर लावलं तेव्हा वर्षाने रेमिशन ३१.३ विरुद्ध २२.५, वेडोलिझुमॅब पुढे.

सुधारणा बघायला दर वेळी स्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) करत नाहीत, शौचातलं कॅलप्रोटेक्टिन करतात, आणि हे तर मला फारच आवडलं, कारण कॅलप्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिलच्या आतलं प्रोटीन आहे. जितक्या न्यूट्रोफिल रक्तातून निघून आतड्यात आल्या तितकं ते शौचात. म्हणजे किती पेशी भिंत ओलांडून गेल्या त्याचा सरळ हिशोब डबीत. ५० च्या खाली नॉर्मल, २५० च्या वर गेलं की सूज आहे असं धरतात. माझं सुरुवातीला चार आकडी होतं, आता दोन आकडी. न्यूट्रोफिलना हे औषध थेट अडवत नाही हे वर म्हटलं, पण त्यांना हाका मारणाऱ्या लिम्फोसाइट कमी झाल्या की त्याही येईनाशा होतात असं डॉक्टरांनी सांगितलं.

एक स्टार कशाचा कापला? गुडघे. कोलायटिसबरोबर माझे गुडघे आणि घोटे दुखतात आणि त्याला याने ढिम्म फरक पडला नाही. पडणारही कसा, सांध्याच्या वाहिन्यांवर तो मॅडकॅम नाही, तिकडे जाणाऱ्या पेशी दुसऱ्या दारांनी जातात. ज्यांचा त्रास आतड्याइतकाच सांध्यांचा किंवा चामडीचा आहे त्यांनी डॉक्टरांशी हे आधी बोला, त्यांना टीएनएफवालं बरं पडू शकतं. आणि अचानक जोराचा फ्लेअर असेल तर नुसत्या याच्या भरवशावर बसू नका, सुरुवातीला सोबत स्टेरॉइड लागतंच.

दर ८ आठवड्यांनी सुट्टी टाकून दादर गाठायचं हे कंटाळवाणं आहेच. पोटात स्वतः टोचायचं १०८ मिलिग्रॅमचं पेन युरोपात २०२० पासून आणि अमेरिकेत २०२३ पासून आहे, दर दोन आठवड्यांनी, घरच्या घरी. ते मिळालं तर मी त्या काउंटरवाल्या दादांचं तोंडही बघणार नाही.

जायचंच असेल तर शुक्रवार टाळा, सकाळचा पहिला स्लॉट मागा, आदल्या दिवशी फोन करून बाटली फ्रीजमध्ये आलीये का विचारा, बाटलीवरची एक्सपायरी आणि बॅच नंबर तुमच्यासमोर वाचून घ्या आणि त्याचा फोटो काढा, क्लेमला लागतो. आणि वॉशरूमला सुई लागायच्या आधीच जाऊन या.